मावळी परसातले रंग

जांभळं वांगं चिरण्याआधी त्याच्या देठाची काटेरी टोपी जरा उचलून पाहा. खालची साल पांढरट निघते. पुण्याजवळच्या मांजरी गावाचं नाव लागलेलं गोल, पट्ट्यापट्ट्यांचं ‘मांजरी गोटा’ वांगं असो की साधं लांबट, बहुतेक जांभळ्या वांग्यांत हे दिसतं. टोपीखाली ऊन पोचलं नाही, म्हणून तिथं रंग चढला नाही. वांग्याचा जांभळा रंग वांगं स्वतः तयार करतं, पण उजेड पडल्याशिवाय ते काम सुरूच होत नाही.

एवढं ध्यानात आलं की भोर आणि वेल्हे या मावळी भागातल्या परसबागेचं निम्मं गणित सुटतं. इथं जून ते सप्टेंबर पाण्याला तोटा नसतो, तोटा असतो उन्हाचा. पुणे-सातारा महामार्गावरच्या कापूरहोळ-नसरापूरकडे वर्षाचा पाऊस हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. तिथून गुंजवणी आणि कानंद खोऱ्यांतून पश्चिमेला सरकत सह्याद्रीच्या धारेजवळ पोचलं की तोच आकडा दोन हजाराच्या वर जातो. तासा-दीड तासाच्या एसटीच्या प्रवासात हवामान बदलतं, आणि त्याबरोबर दारापुढं काय लावावं हेही. (वेल्हे तालुक्याला राजगड नाव देण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२४ मध्ये घेतला. या लेखात सवयीने वेल्हे म्हणतो आहे.) पानशेतच्या वाटेवर शनिवार-रविवारी येणारी फार्महाउसवाली मंडळी पुण्याच्या रोपवाटिकेतून रंगीत ढोबळी मिरची आणि पिटुनिया आणून जुलैत लावतात आणि ऑगस्टमध्ये कुजलेली रोपं उपटतात. त्यात मातीचा काही दोष नसतो. कोरड्या, उजेडाच्या हवेतली झाडं धुक्यात आणून उभी केली, एवढंच झालेलं असतं.

भाज्या-फुलांत मुख्यतः चार रंगद्रव्यं काम करतात. हिरवं हरितद्रव्य सगळ्यांना माहीत असतं. दुसरी कॅरोटिनॉइड्‌स: गाजर, लाल भोपळा, टोमॅटो, पिकलेली मिरची, झेंडू यांचे पिवळे, केशरी, लाल रंग. ही तेलात विरघळतात, पाण्यात नाही, आणि शिजवल्याने सहसा उडत नाहीत. रश्शावर तरंगणारी लाल तर्री म्हणजे मिरचीतलं हेच द्रव्य तेलात उतरलेलं. हिरव्या पालेभाजीतही ती भरपूर असतात, फक्त हिरव्याखाली झाकली जातात. तिसरी अँथोसायनिन्स: वांगं, जांभळा कोबी, अंबाडीची लाल बोंडं, गोकर्ण, जास्वंद. ती पाण्यात उतरतात आणि आम्ल-अल्कली पाहून रंग बदलतात. गोकर्णाच्या निळ्या पाण्यात लिंबू पिळलं की ते जांभळं-गुलाबी होतं, आणि जांभळ्या कोबीच्या पाण्यात खाण्याचा सोडा टाकला की ते निळसर होतं.

चौथी बीटालेन्स, आणि माझ्या मते मावळी परसाचा खरा मान त्यांचाच आहे. लाल माठ, राजगिरा, बीट, लाल देठाचा मायाळू, घोळ, चंदनबटवा, कोंबड्याचं फूल, गुलबक्षी, बोगनवेल, अगदी बांधावरच्या निवडुंगाचं लालभडक बोंड, या सगळ्यांचा रंग बीटालेन्सचा. बाहेरून एकमेकांशी काही नातं दिसत नसलं तरी वनस्पतिशास्त्रात ही सगळी एकाच गणातली भावंडं आहेत. गंमत अशी की निसर्गात एकाही झाडात अँथोसायनिन आणि बीटालेन दोन्ही एकत्र सापडलेले नाहीत. झाड एकतर या वाटेने जातं किंवा त्या. घरी पारख करायची तर माठ धुताना निघालेल्या लाल पाण्यात लिंबू पिळा. गोकर्णासारखा बदल होत नाही, पाणी लालच राहतं. मात्र जास्त उकळलं की बीटालेन फिकट पडून तपकिरी होतो. म्हणून लाल माठ कमी वेळात परतावा, हा स्वयंपाकघरातला जुना शहाणपणा बरोबर आहे.

आता पावसाळ्यातलं परस पाहू. मृग लागला की मावळात घराभोवतीच्या जागेत पहिल्यांदा वेल लागतात: काकडी, दोडका, दुधी, कारलं, पडवळ, लाल भोपळा. आळी करून चार-चार बिया टोकायच्या आणि वेल मांडवावर, वईवर किंवा गोठ्याच्या छपरावर चढवायचा. यात हौसेपेक्षा गरज जास्त. सततच्या पावसात जमिनीला टेकलेलं फळ कुजतं आणि पान चिखलाच्या शिंतोड्यांनी रोगट होतं. उंच चढलेल्या वेलाला वारा लागतो, पान लवकर सुकतं, आणि मिळेल तेवढा उजेड पदरात पडतो. वानरांपासून मात्र मांडव वाचवत नाही. रानडुकरं आणि साळिंदर खालून येतात, वानरं वरून. म्हणून लाल भोपळ्यासारखी मौल्यवान फळं अंगणाच्या नजरेत धरायची पद्धत आहे.

न्हाणीच्या पाण्यावर अळू, कर्दळ आणि केळ असते. कर्दळीचं लाल-पिवळं फूल आणि सोनटक्क्याचं पांढरं, दोन्ही ओल्या पायाची. ज्यांना पाणी साचलेलं खपत नाही ते माठ, राजगिरा, मिरची आणि वांगं वीतभर उंच गादीवाफ्यावर, उताराला आडवे वाफे ओढून लावावेत, आणि वाफ्यावर भाताचा पेंढा पसरावा. थेंब थेट मातीवर आपटला नाही की माती उडत नाही आणि पानाला रोगही कमी लागतो. लाल माठ पंचवीस-तीस दिवसांत काढायला येतो. एकदम सगळा पेरण्यापेक्षा दर पंधरवड्याला एक सरी पेरली तर श्रावणभर ताटात लाल रंग राहतो. मुसळधार पाऊस लागून राहिला तर पानांच्या खालच्या बाजूला पांढरे फोड येतात. अशी पानं खुडून टाकावीत आणि पुढची पेर विरळ करावी.

मावळातलं वरकस, तांबडं, उताराचं रान रताळ्याला मानवतं. केरळमधल्या केंद्रीय कंदपीक संशोधन संस्थेने ‘भू सोना’ नावाचं आतून केशरी आणि ‘भू कृष्णा’ नावाचं आतून जांभळं रताळं दिलं आहे. एकात कॅरोटिन, दुसऱ्यात अँथोसायनिन. पावसाळ्यात वेलाचे तुकडे लावायचे, थंडीत रताळी काढायची. रंगीत भाजीच्या नावाने परदेशी बियांची पाकिटं घेण्यापेक्षा इथं रताळ्याचा वेल लावणं मला केव्हाही शहाणपणाचं वाटतं. वाराणसीच्या भाजीपाला संशोधन संस्थेची ‘काशी लालिमा’ ही लाल भेंडीही पावसाळ्यात येते. ती दिसायला देखणी असते, पण अँथोसायनिन आच सोसत नसल्याने कढईत हिरवट पडते. पाहुण्यांना लाल भाजी वाढायच्या बेताने लावू नये.

भाद्रपदात ऋषीपंचमी येते आणि परसाची परीक्षा होते. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, म्हणजे नांगरटीच्या शेतातलं काही चालत नाही. माठाचे लाल देठ, अळू, दोडका, पडवळ, भेंडी, भोपळा, मक्याचं कणीस, सुरण, अंबाडी किंवा चुका, असं हाताने खणून पिकवलेलं एकत्र शिजतं. ऋषीची भाजी पौष्टिक असल्याचं हल्ली आवर्जून सांगितलं जातं. मला तिच्यात दुसरंच दिसतं. भाताचं खाचर बैलाचं आणि गड्याचं, तर परस कुदळ-खुरप्याचं आणि बहुतेक बाईच्या हातचं. दोन हिशोब वेगळे होते, आणि वर्षातला एक दिवस फक्त दुसऱ्या हिशोबावर घर जेवायचं. त्याच आठवड्यात गौरी येतात. अनेक घरांत गौर म्हणून तेरडाच मुळांसकट आणतात. डोंगरउतारावर तेव्हा तेरड्याचे गुलाबी पट्टे आणि सोनकीचे पिवळे सडे असतात, आणि परसातही तेरडा आपोआप उगवलेला असतो. वर्षा-दोन वर्षांत तो तण होऊन बसतो, हे खरं. तरी चार रोपं ठेवावीत.

ती कशासाठी ठेवायची? ‘वेलाला नुसती फुलं येतात, फळ धरत नाही,’ ही पावसाळ्यातली कायमची तक्रार. काकडी-भोपळ्याच्या कुळात नर फूल वेगळं, मादी फूल वेगळं. मादी फुलाच्या देठाशी इवलंसं फळ आधीपासून दिसतं, नराच्या देठाशी काही नसतं. सुरुवातीला बहुतेक नर फुलंच येतात, त्यामुळे पहिले आठ-दहा दिवस धीर धरावा. त्यानंतरही मादी फुलं पिवळी पडून गळू लागली तर परागीभवन होत नाही असं समजावं. पावसात मधमाशी बाहेर पडत नाही आणि परागकण भिजून निकामी होतात. भोपळा, काकडी आणि कारल्याची फुलं सकाळी उमलतात. दोडक्याची आणि दुधीची संध्याकाळी. दुधीचं पांढरं फूल रात्रीच्या पतंगांसाठी असतं, अंधारात पांढराच रंग दिसतो. झड लागली असेल तर उघडीप पाहून हे काम आपण करावं: नर फूल तोडायचं, पाकळ्या काढायच्या आणि आतला दांडा मादी फुलाच्या मध्यावर हलकेच फिरवायचा. भोपळ्याचं फूल दुपारपर्यंत मिटतं, तेव्हा हे सकाळी नऊच्या आत. दोडक्या-दुधीचं दिवेलागणीला.

टोमॅटो आणि वांग्याची तऱ्हा आणखी निराळी. त्यांचे परागकण पुंकेसराच्या बंद नळीत असतात आणि टोकाच्या बारीक छिद्रांतून बाहेर येतात. फुलाला धरून विशिष्ट लयीत अंग थरथरवणाऱ्या कीटकालाच ते मिळतात. आपला काळा भुंगा हे करतो, निळ्या पट्ट्यांची रानमाशीही करते. सातेरी मधमाशीला हे जमत नाही. टोमॅटोचं वाऱ्याच्या हलण्यानेही निभतं. वांग्याला भुंग्याचा फायदा जास्त होतो. भुंगा वाळक्या लाकडात आणि बांबूत घर करतो. जुना मांडव मोडला की सगळा बांबू बंबात घालू नये, दोन कांबी वळचणीला राहू द्याव्यात. आणि भुंग्याला, मधमाश्यांना वर्षभर खायला हवं असेल तर भाजीच्या बाजूला सतत काही ना काही फुललेलं लागतं: तेरडा, तुळस, झेंडू, पुढं सूर्यफूल, कोथिंबिरीचा फुलोरा. भाजीचा वाफा एकीकडे आणि फुलांचा बगीचा दुसरीकडे ही विभागणी बंगल्यांच्या आराखड्यात शोभते. मावळी परसात दोन्ही सरमिसळ असतात, आणि फळधारणेच्या दृष्टीने तेच बरोबर आहे.

झेंडूबद्दल मात्र बरंच वाढवून सांगितलं जातं. एका कोपऱ्यात एक झेंडू लावला म्हणजे कीड पळते, असं काही नाही. दोन गोष्टी खऱ्या आहेत. झेंडूच्या मुळांतून टर्थिएनिल नावाचं द्रव्य येतं आणि मुळांना गाठी आणणारे सूत्रकृमी त्याने मरतात. पण त्यासाठी झेंडू दाट, सबंध वाफाभर आणि दोनेक महिने उभा हवा, मग त्या वाफ्यात टोमॅटो किंवा वांगी घ्यावीत. दुसरी गोष्ट सापळ्याची. टोमॅटोची फळं पोखरणाऱ्या अळीची मादी अंडी घालायला झेंडूचं फूल पसंत करते. बंगळुरूच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने यावर शिफारस दिली आहे: टोमॅटोच्या सोळा ओळींमागे उंच झेंडूची एक ओळ, लावताना झेंडूचं रोप पंचेचाळीस दिवसांचं आणि टोमॅटोचं पंचवीस दिवसांचं, म्हणजे दोघं एकाच वेळी फुलतात. परसात सोळा ओळी कुठून असणार. चार-पाच टोमॅटोंमागे एक मोठं रोप ठेवलं तरी तत्त्व तेच. पण सापळा तपासला नाही तर झेंडू अळ्यांचं पाळणाघर होतो. किडलेली फुलं खुडून नष्ट करायलाच हवीत.

दसऱ्याला घरचा झेंडू हवा असेल तर जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात रोपं वाफ्यावर गेली पाहिजेत, आणि महिन्याभरात शेंडा खुडून फांद्या वाढवल्या पाहिजेत. उरलेली फुलं कोंबड्यांना टाकावीत. झेंडूचा केशरी रंग ल्युटिनचा, आणि अंड्याच्या बलकाला पिवळेपणा देणारं द्रव्यही तेच. कोंबडीच्या खाद्यात झेंडूचा अर्क मोठ्या प्रमाणावर वापरतात तो यासाठीच.

पाऊस ओसरला, हस्त संपला की खरा रंगांचा मोसम सुरू होतो. आकाश निवळतं, उजेड भरपूर असतो आणि खोऱ्यांतल्या रात्री थंड होतात. उजेड आणि थंडी मिळून अँथोसायनिन वाढवतात, त्यामुळे जांभळा कोबी, लाल मुळा, लाल सॅलड हे सगळं डिसेंबर-जानेवारीत गडद उतरतं. गाजर, बीट यांनाही हीच वेळ. टोमॅटोची रोपं सप्टेंबरअखेर-ऑक्टोबरात लावावीत. पावसात लावला तर करपा सोडत नाही. आणि उन्हाळ्यावरही ढकलू नये. टोमॅटोतला लाल लायकोपीन वीस ते पंचवीस अंश तापमानात उत्तम तयार होतो, तिशी ओलांडली की त्याचं बनणं थांबत जातं, पिवळं कॅरोटिन मात्र बनत राहतं. एप्रिलमधली फळं देठाकडे पिवळी-केशरी राहतात ती त्यामुळे. खत घालून ती लाल होणार नाहीत. फळाच्या बुडाशी गुलाबी झाक दिसली की तोडून घरातल्या सावलीत, गार जागी पिकू द्यावं.

याच दिवसांत शेवंती फुलते. तिला थंडीपेक्षाही रात्रीची लांबी महत्त्वाची. दिवस-रात्रीच्या लांबीवर झाडं फुलतात, हे गार्नर आणि अ‍ॅलर्ड या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९२० मध्ये तंबाखूवरच्या प्रयोगांतून दाखवलं. शेवंती अशीच लांब रात्रींची गिऱ्हाईक. तिच्या वाफ्यावर ओट्यावरचा किंवा रस्त्याचा दिवा रात्रभर पडत असेल तर झाडाला रात्र लहानच वाटते, पानं फुटत राहतात आणि कळ्या रेंगाळतात. हरितगृहवाले याच युक्तीने, दिवे लावून किंवा काळं कापड झाकून, हव्या त्या तारखेला शेवंती फुलवतात. आपण फक्त कुंडी घराच्या मागच्या बाजूला नेली तरी पुरतं. शेवंतीबरोबर अ‍ॅस्टर लावावा. पुण्याच्या गणेशखिंड संशोधन केंद्राने ‘फुले गणेश’ नावाने पांढऱ्या, गुलाबी, जांभळ्या रंगांचे वाण दिले आहेत आणि या हवेत ते चांगले येतात.

भोरच्या पश्चिमेला साडेचार हजार फुटांच्या रायरेश्वराच्या पठारावर वेगवेगळ्या रंगांची माती पाहायला पर्यटक जातात. सात रंग मोजतात. रंग मुख्यतः लोहाचे: काळ्या बेसॉल्टवर लाखो वर्षं पाऊस पडून विरघळणारी क्षारद्रव्यं वाहून गेली, लोह आणि अ‍ॅल्युमिनियम मागे राहिलं. लोहाच्या एका ऑक्साइडचा रंग लाल, पाणी धरून असलेल्याचा पिवळा. वेल्ह्याच्या बऱ्याच परसांत हीच गोष्ट सौम्य स्वरूपात आहे: माती तांबूस, आम्लधर्मी, चुना धुऊन गेलेला. अशा मातीत लोह आणि अ‍ॅल्युमिनियम स्फुरद धरून ठेवतात, मुळांना देत नाहीत. मक्याच्या किंवा टोमॅटोच्या कोवळ्या रोपांची जुनी पानं जांभळी दिसू लागली तर तो न मागता आलेला अँथोसायनिन असतो, स्फुरदाच्या उपासमारीचा. खत सगळीकडे फेकण्यापेक्षा कुजलेलं शेणखत आळ्यातच, मुळापाशी द्यावं. चुलीतली राखही इथं उपयोगी, कारण ती आम्लता थोडी कमी करते आणि पालाश देते.

हाच सल्ला नसरापूरच्या बाजूला काळ्या, चुनखडीच्या जमिनीत पाळला तर उलटा पडेल. तिथली माती आधीच अल्कधर्मी, राखेने त्यात भर पडते. तिथली खूण म्हणजे शेंड्याची नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या: मातीत लोह असूनही झाडाला घेता येत नाही. खालची जुनी पानं पिवळी पडली तर ते नत्र कमी पडल्याचं, आणि पावसाळ्यात पश्चिमेकडे ते जास्त होतं, कारण नत्र पाण्याबरोबर निचरून जातं. पान कुठलं पिवळं झालं हे पाहिल्याशिवाय खताच्या दुकानात जाऊ नये.

बियाणं जमेल तेवढं आजूबाजूचं घ्यावं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान वाल-घेवड्यांचे कितीतरी रंगांचे वाण जपले, ‘बायफ’ संस्थेच्या साथीने बीजबँक उभी केली, आणि २०२० चा पद्मश्री त्यांना मिळाला. अकोले आणि वेल्हे दोन्ही सह्याद्रीच्या कुशीतले, पावसाचे तालुके; राहीबाईंच्या परसातला जांभळ्या फुलांचा घेवडा इथंही रुजेल. वाल-घेवड्याचं बी राखायला सोपं, कारण त्यांचं बहुतेक परागीभवन स्वतःच्याच फुलात होतं. माठाचं तसं नाही. त्याचे परागकण वाऱ्यावर उडतात, म्हणून लाल माठाचं बी धरायचं तर तेवढ्या दिवसांत हिरव्याला फुलू देऊ नये. वेलांत एका जातीतले वाण आपापसांत मिसळतात, काकडी आणि दोडका मात्र एकमेकांत मिसळत नाहीत. जुन्या घरांत दुधी-दोडक्याचं निबर फळ चुलीच्या धुरात टांगून ठेवत, भोपळ्याच्या बिया शेणात थापून भिंतीला लावत, वाल राखेत मुरवत. चूल गेली तिथं बरणीत कोरडी राख घातली तरी भागतं. बी धरण्याआधी त्याच वेलावरच्या एखाद्या कोवळ्या दुधीचा किंवा दोडक्याचा तुकडा जिभेला लावून पाहावा. जरा जरी कडू लागला तर थुंकून टाकावा आणि त्या वेलाचं फळ शिजवू नये, त्याचा रस तर मुळीच पिऊ नये, कारण त्यातलं कुकुरबिटासिन विषारी असतं. त्याचं बीही ठेवू नये.